सारदादेवी : स्वतःचं मूल नसलेली आई



श्रीरामकृष्ण परमहंसांच्या पत्नी आणि स्वामी विवेकानंदांच्या गुरुमाता, अशी सारदादेवींची ओळख आपण मुलांना एका वाक्यात करून देतो आणि पुढे सरकतो. फोटोही बहुधा एकच दाखवतो. खांद्यावरून मोकळे सोडलेले केस, डोक्यावर पदर, शांत चेहरा. पण या बाईंनी आयुष्याची शेवटची वीस वर्षं बापाविना जन्मलेली एक हट्टी, आजारी पोर सांभाळण्यात घालवली, हे फारसं सांगितलं जात नाही. मला त्यांचं चरित्र आवडतं ते याच भागासाठी. म्हणून आज तो जरा सविस्तर.

सारदादेवींचा जन्म २२ डिसेंबर १८५३ रोजी बंगालमधील बांकुडा जिल्ह्यातल्या जयरामबाटी या खेडेगावात झाला. वडील रामचंद्र मुखोपाध्याय, आई श्यामासुंदरी. घर गरीब ब्राह्मणाचं. थोडी शेती, थोडी भिक्षुकी. सारदा सगळ्यांत मोठी, त्यामुळे धाकटी भावंडं सांभाळणं आपसूकच तिच्याकडे आलं. भावांना आमोदर नदीवर अंघोळीला न्यायचं, गुरांसाठी गळ्याइतक्या पाण्यात उतरून गवत कापायचं, शेतातल्या मजुरांना चुरमुरे नेऊन द्यायचे, हे तिचं बालपण. धाकट्याला कडेवर घेऊन शाळेत येणाऱ्या मुली आपल्यापैकी अनेकांनी पाहिल्या असतील. सारदा त्यातलीच. फरक इतकाच की तिला शाळाच नव्हती.

१८६४ साली त्या भागात मोठा दुष्काळ पडला. घरात आदल्या वर्षीचं धान्य शिल्लक होतं. वडिलांनी ते राखून ठेवलं नाही, खिचडी शिजवून येईल त्याला वाढायला सुरुवात केली. भुकेली माणसं कढत खिचडीवर तुटून पडायची. अकरा वर्षांची सारदा दोन्ही हातांनी पंख्याने वारा घालून ती खिचडी निववायची. मला वाटतं, पुढच्या सारदादेवी या प्रसंगात पूर्ण दिसतात.

लग्न १८५९ मध्येच झालं होतं. ती पाच वर्षांची, रामकृष्ण तेवीस वर्षांचे. सासर कामारपुकूर, जवळच. पण नवरा दक्षिणेश्वरच्या काली मंदिरात साधनेत बुडालेला. तो वेडा झालाय अशी कुजबुज गावात सुरू झाली, तेव्हा १८७२ साली सारदादेवी वडिलांबरोबर पायी दक्षिणेश्वरला निघाल्या. वाटेत तापाने फणफणल्या, तरी पोचल्या. नवरा वेडा नव्हता. त्याने प्रेमाने, आदराने ठेवून घेतलं. मात्र दोघांचं सहजीवन ब्रह्मचर्याचं राहिलं.

त्यानंतर आली ती षोडशी पूजेची रात्र. ज्येष्ठातली अमावस्या. रामकृष्णांनी पत्नीला देवीच्या आसनावर बसवलं, जगन्मातेच्या रूपात तिची यथासांग पूजा केली आणि आपल्या साधनेचं सगळं फळ, जपमाळेसकट, तिच्या पायी वाहिलं. भारतीय अध्यात्माच्या इतिहासात नवऱ्याने बायकोची अशी पूजा केल्याची उदाहरणं कितीशी सापडतील?

आता दुसऱ्या दिवसाचा विचार करा. देवी झालेली ही बाई स्वयंपाकाला लागली! राहायची जागा म्हणजे मंदिराच्या नगारखान्याची तळातली अष्टकोनी खोली. खोली इतकी लहान आणि दार इतकं ठेंगणं की सुरुवातीला कितीदा तरी डोकं आपटलं. तिथेच शिधा, तिथेच भांडी, तिथेच झोप, आणि पाहुणी बाई आली तर तीही तिथेच. पहाटे तीनला उठून कुणी बघायच्या आत गंगेवर स्नान. मग दिवसभर रामकृष्णांचं पथ्याचं जेवण आणि त्यांच्याकडे येणाऱ्या तरुण शिष्यांच्या पोळ्या.

या पोळ्यांचा एक किस्सा आहे. रात्री जास्त जेवलं तर ध्यान होत नाही म्हणून रामकृष्णांनी प्रत्येक मुलाच्या पोळ्या ठरवून दिल्या होत्या. कुणाला सहा, कुणाला पाच, कुणाला चार. एकदा कळलं की एकाला दोन जास्त मिळतात. ते जाब विचारायला आले. एरवी कधी वर मान करून न बोलणाऱ्या सारदादेवींनी सांगून टाकलं की दोन पोळ्यांची एवढी काळजी करू नका, या मुलांचं पुढे काय व्हायचं ते मी बघून घेईन. रामकृष्ण काही न बोलता परत गेले. वाढत्या वयाच्या पोरांना पोटभर खाऊ घालायचं की शिस्त लावायची, हा वाद आपल्या घरांतही चालतोच की.

मूलबाळ नाही याची खंत त्यांच्या आईला होती. एवढी गुणी लेक, पण तिला आई म्हणणारं कुणी नाही, असं त्या बोलून दाखवत. रामकृष्णांनी सासूची समजूत घातली होती की आई अशा हाकांनी एक दिवस हिला नको नकोसं होईल.

शिक्षकांसाठी इथे एक गोष्ट मुद्दाम सांगते. सारदादेवींना वाचायची फार ओढ होती. कामारपुकूरला असताना त्या पुतणी लक्ष्मीबरोबर मुळाक्षरांचं पुस्तक उघडून बसत. रामकृष्णांचा भाचा हृदय याने ते हातातून काढून घेतलं. बायकांनी शिकू नये, असं त्याचं म्हणणं. लक्ष्मी पाठशाळेत जाऊन शिकून येई आणि घरी त्यांना शिकवी. पुढे दक्षिणेश्वरला गंगेवर अंघोळीला येणारी एक मुलगी त्यांचा धडा घ्यायची, आणि गुरुदक्षिणा म्हणून त्या तिला बागेतली पालेभाजी द्यायच्या. अशा रीतीने त्या रामायण वाचण्याइतपत शिकल्या.

१६ ऑगस्ट १८८६ रोजी रामकृष्ण गेले. तेहतिसाव्या वर्षाच्या आत वैधव्य. तीर्थयात्रेनंतर त्या कामारपुकूरला एकट्या राहिल्या, तेव्हा भाजीपाला स्वतः लावायच्या. भात आणि पालेभाजी, त्यात मीठही नाही, असेही दिवस काढले. शिष्यांना हे उशिरा कळलं. मग त्या कधी कलकत्त्यात, कधी जयरामबाटीत राहू लागल्या, आणि त्यांना आई म्हणणाऱ्यांची रीघ लागली. १८९८ मध्ये भगिनी निवेदिता आणि इतर परदेशी स्त्रिया भेटायला आल्या, तर या कर्मठ घरातल्या विधवा बाई त्यांच्याबरोबर जेवायला बसल्या. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये निवेदितांनी बागबाजारात मुलींची शाळा सुरू केली. तिची पूजा सारदादेवींनीच केली.

आता राधूकडे येऊ.

सर्वांत धाकटा भाऊ अभय डॉक्टरकीचं शिकला. घरातला तो एकटाच असा शिकलेला. १८९९ मध्ये शिक्षण पुरं झालं न झालं तोच पटकीने गेला. जाताना आपल्या गरोदर बायकोला बहिणीच्या ओटीत घालून गेला. ही बायको म्हणजे सुरबाला. एकामागून एक दुःखं बसून तिच्या मनाचा तोल ढळला. जानेवारी १९०० मध्ये मुलगी झाली, तीच राधू. एके दिवशी सारदादेवींनी पाहिलं की सुरबाला गोधड्यांची चिंधोटी ओढत आपल्याच नादात चालली आहे आणि मागून तान्ही राधू रडत रडत रांगते आहे. काळजात चर्र झालं. धावत जाऊन त्यांनी पोरीला उचललं. ती कडेवर बसली ती जवळजवळ कायमचीच. वय वर्षं शेहेचाळीसच्या पुढे, अंगात संधिवात, आणि पदरी रांगतं मूल.

राधू त्यांना आई म्हणायची. खऱ्या आईला तिने नाव ठेवलं होतं मुंडण केलेली आई. सुरबाला कधी शिव्या द्यायची, माझी पोर हिसकावली म्हणून भांडायची, एकदा तर जळकं लाकूड घेऊन अंगावर धावली. शिवाय नलिनी आणि माकू या दुसऱ्या पुतण्या, पैशांवरून भांडणारे भाऊ. अशा या घरात दीक्षा घ्यायला लोक मैल न् मैल चालत येत, आणि बघत काय, तर आई भाजी चिरते आहे, पोरींची भांडणं सोडवते आहे. जवळच्या शिष्या योगिनमा यांच्याही मनात शंका आली होती की रामकृष्ण एवढे विरागी आणि आई मात्र भाऊ, भावजया, पुतण्या यांतच गुरफटलेली, हे कसं?

त्याच ओसरीवर एकदा अमजद जेवायला बसला. हा जवळच्या गावचा मुसलमान. पूर्वी रेशमाचं काम करायचा, ते बुडालं तसा चोऱ्या-दरोड्यांकडे वळला. नलिनी लांबून त्याच्या पानात अन्न टाकत होती. सारदादेवींनी तिला बाजूला केलं, स्वतः वाढलं आणि जेवण झाल्यावर ती जागाही स्वतः धुतली. जात गेली म्हणून नलिनी ओरडली. त्यांचं उत्तर एवढंच होतं की संन्यासी शरत जसा माझा मुलगा तसाच हा अमजद.

राधूचं लग्न १९११ मध्ये लावून दिलं, अकराव्या वर्षी. काळाची रीत. हे मला आज वाचतानाही टोचतं. पण लग्नानंतरही ती कलकत्त्यात शेजारच्या मिशनरी शाळेत जात होती. मुलगी मोठी झाली, आता शाळा कशाला, असं घरातल्या एका वडीलधाऱ्या बाईंनी म्हटलं, तेव्हा सारदादेवींनी ठामपणे तिची बाजू घेतली. शिकली, हाताला काही कला आली, तर सासरच्या मागासलेल्या खेड्यात चार जणांच्या उपयोगी पडेल, असा त्यांचा हिशेब होता. पुस्तक हिसकावून घेतलेली मुलगीच ती.

एवढं करून राधू शहाणी, समंजस निघाली का? नाही. चिडखोर होती, नेहमी आजारी. बाळंतपण जवळ आलं तेव्हा तिला जरासाही आवाज सहन होईना, म्हणून सारदादेवी तिला घेऊन कोआलपाडा या निवांत गावी जाऊन राहिल्या. १९१९ च्या मे महिन्यात मुलगा झाला, बनबिहारी, लाडाने बनू. त्यानंतर राधूला उभंही राहता येईना, रांगत चालायची, आणि दुखण्यावर दिलेल्या अफूचं तिला व्यसन लागलं. सारदादेवी मात्रा कमी करू पाहत होत्या. एके दिवशी त्या भाजी निवडत असताना राधू अफू मागायला आली. आता पुरे, उठून उभी राहा, मला तरी किती झेपणार, असं त्या बोलल्या. राधूने टोपलीतलं मोठं वांगं उचलून त्यांच्या पाठीत मारलं. पाठ सुजली. त्यांनी हात जोडून रामकृष्णांना विनवलं की पोरीला समज नाही, हिचा अपराध मनावर घेऊ नका. आणि आपल्याच पायांची धूळ घेऊन राधूच्या डोक्याला लावली.

लाडाने पोर बिघडली, असं म्हणणारे तेव्हाही होते. मला तसं म्हणवत नाही. जन्माआधी बाप गेलेला, आई भ्रमिष्ट, शरीर दुबळं. एवढ्या सगळ्याचा दोष एका आत्याच्या मायेवर टाकणं सोपं आहे. फळ दिसत नसतानाही रोज तिचं पथ्य, औषध, दूध बघणारी ती बाई जगन्माता म्हणून पुजली गेलेली होती, आणि ती हे काम पूजेपेक्षा हलकं मानत नव्हती.

त्याच सुमारास माकूचा लहानगा घटसर्पाने गेला. सारदादेवी कुठल्याही आजीसारख्या धाय मोकलून रडल्या.

पुढे त्यांना काळाआजाराने गाठलं. फेब्रुवारी १९२० मध्ये त्यांना कलकत्त्याला बागबाजारच्या उद्बोधन या घरी आणलं. ताप उतरेना. जुलैत त्यांनी सांगितलं की राधूला आणि तिच्या मुलाला जयरामबाटीला पाठवून द्या, माझं मन तिच्यावरून उठलं आहे. जवळच्या माणसांना धक्काच बसला, कारण राधूवरचं मन उठलं म्हणजे आई आता राहत नाही, हे ते समजून चुकले. वर्षाचा बनू रांगत रांगत त्यांच्या अंथरुणाशी आला, तेव्हा त्यांनी कुणाला तरी त्याला उचलून न्यायला सांगितलं. २० जुलैची मध्यरात्र उलटल्यावर, दीडच्या सुमारास, त्यांनी देह ठेवला. वय सहासष्ट. दुसऱ्या दिवशी गंगेपलीकडे बेलूर मठात त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले.