हेलन केलर : एका तापाने हिरावलेले जग

अंध आणि बधिर असूनही जगभर कीर्ती मिळविणाऱ्या हेलन केलर यांचा जन्म २७ जून १८८० रोजी अमेरिकेतील अलाबामा राज्यात, टस्कंबिया या गावी झाला. जन्मतः त्यांची दृष्टी आणि श्रवणशक्ती दोन्ही शाबूत होती. वर्षाच्या आतच पाण्यासाठीचा बोबडा शब्द त्यांच्या तोंडी आला होता.

फेब्रुवारी १८८२ मध्ये, एकोणीस महिन्यांच्या हेलनला तीव्र ताप भरला. पोट आणि मेंदू यांत रक्त साकळल्याचे निदान डॉक्टरांनी केले. मूल वाचण्याची आशाही उरली नव्हती. मात्र ताप जसा अचानक आला तसाच उतरला आणि घरात आनंद झाला. तो अल्पकाळच टिकला. जेवणाची घंटा वाजली तरी मूल वळून पाहत नाही, डोळ्यांपुढे हात फिरवला तरी पापणी लवत नाही, हे आईच्या ध्यानी आले.

हा आजार लोहितज्वर असावा, असे दीर्घकाळ मानले गेले. २०१८ मध्ये मिशिगन विद्यापीठाच्या डॉ. जॅनेट गिल्सडॉर्फ यांनी जुन्या नोंदी तपासून तो जिवाणूजन्य मेनिंजायटिस, म्हणजे मेंदूच्या आवरणाचा दाह असावा, असा निष्कर्ष मांडला. १८८२ मध्ये त्याची खात्री करणे अशक्यच होते. या रोगाचा एक प्रमुख जिवाणू १८८७ मध्ये ओळखला गेला, तर पाठीच्या मणक्यातून पाणी काढून तपासण्याची पद्धत १८९१ मध्ये आली. प्रतिजैविके त्याहून अर्धशतक दूर होती.

त्याच १८८७ च्या मार्चमध्ये शिक्षिका अ‍ॅन सलिव्हन केलर कुटुंबात आल्या. महिनाभरातच, पंपाच्या धारेखाली एक हात धरून दुसऱ्या हातावर त्यांनी लिहिलेल्या अक्षरांचा अर्थ हेलनला उमगला. १९०४ मध्ये रॅडक्लिफ महाविद्यालयाची पदवी, ग्रंथलेखन आणि अंधांसाठी जगभ्रमण असा पुढचा प्रवास झाला. १९५५ मध्ये त्या भारतातही आल्या होत्या. १ जून १९६८ रोजी त्यांचे निधन झाले. अंध-बधिर मुलांसाठी मुंबईत १९७७ मध्ये स्थापन झालेल्या संस्थेला त्यांचेच नाव देण्यात आले.

केलर कुटुंबाला जे उपलब्ध नव्हते, ते आज नांदेड, लातूरच्या पालकांना उपलब्ध आहे. या रोगाच्या दोन प्रमुख जिवाणूंपासून रक्षण करणाऱ्या पेंटाव्हॅलंट आणि न्यूमोकोकल लसी सरकारी लसीकरणात मोफत मिळतात. तथापि सर्व प्रकारांना त्या रोखत नाहीत. तान्ह्या बाळाची मान ताठ होईलच असे नाही. तापासोबत दूध न ओढणे, सुस्ती, सतत किरकिर, टाळू फुगणे किंवा झटके येणे यांपैकी काहीही दिसल्यास सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठणे आवश्यक ठरते, कारण येथे काही तासही मोलाचे असतात. मूल बरे झाल्यावरही त्याच्या कानांची तपासणी व्हायला हवी. ताप उतरला म्हणजे धोका टळला असे नव्हे, हे टस्कंबियातील त्या आईला फार उशिरा कळले होते.