ऐकू कमी येतं म्हणून डॉक्टर होता आलं नाही, मग पंडिता रमाबाईंनी काय केलं?

पंडिता रमाबाई म्हटलं की विधवांसाठी काम करणाऱ्या, संस्कृतच्या मोठ्या विदुषी आणि ख्रिस्ती झालेल्या बाई, एवढं बहुतेकांना माहीत असतं. पण त्या इंग्लंडला गेल्या होत्या त्या डॉक्टर व्हायला, हे फार कमी लोकांना ठाऊक असतं.

झालं असं की १८८२ साली पुण्यात हंटर शिक्षण आयोगासमोर रमाबाईंनी साक्ष दिली. बायका पुरुष डॉक्टरांना दुखणं सांगत नाहीत, अंगावर काढतात आणि जिवाला मुकतात, म्हणून बायकांना डॉक्टरकी शिकवा, असा त्यांचा आग्रह होता. नुसतं सांगून त्या थांबल्या नाहीत. पुढच्याच वर्षी दोन वर्षांच्या मनोरमाला घेऊन बोटीत बसल्या.

तेव्हा त्यांचं वय होतं २५. एवढ्या वयात काय काय पाहून झालं होतं? वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी बायको-मुलींना संस्कृत शिकवलं आणि कुटुंब घेऊन तीर्थयात्रा करत देशभर फिरले. १८७४ च्या सुमारास दुष्काळात अन्नान्न दशा होऊन आई, वडील आणि बहीण गेले. उरलेला भाऊ श्रीनिवास १८८० मध्ये गेला. त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी लग्न केलं, तर १८८२ मध्ये पटकीने तोही गेला.

इंग्लंडमध्ये वाँटेज इथल्या सिस्टरांच्या मठात त्या राहिल्या. तिथे कळलं की कानांचा दोष असल्यामुळे डॉक्टरकी जमणार नाही. छातीचे ठोके ऐकायचे तर कान हवेत. विषय संपला.

२९ सप्टेंबर १८८३ ला वाँटेजमध्येच त्यांनी मनोरमासह बाप्तिस्मा घेतला. देशात गदारोळ उठला, तो वेगळाच. पण इथून पुढे त्यांच्या आयुष्यात एक गोष्ट सारखी दिसते. नकार दोन प्रकारचे असतात हे त्यांनी ओळखलं होतं. एक नकार देवाकडून येतो, तो वाट बदलायला सांगतो. दुसरा माणसं देतात आणि वर देवाचं नाव लावतात.

कानांचा नकार त्यांनी पहिल्या प्रकारचा मानला. डॉक्टरकी सोडली, शिक्षणाचा मार्ग धरला आणि चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजात शिकता शिकता संस्कृत शिकवू लागल्या. आता दुसरा प्रकार बघा. हिंदुस्थानी बाईने इंग्रज तरुणांना शिकवणं काही बिशपांना पटेना. चर्च म्हणेल ते सगळं मान्य करावं, असाही दबाव होता. रमाबाई बधल्या नाहीत. बायबलमध्ये मला जे दिसेल तेच मी मानीन, ही त्यांची भूमिका. शास्त्री-पंडितांची सत्ता झुगारून आलेली बाई बिशपांची सत्ता कशाला डोक्यावर घेईल?

१८८६ मध्ये त्या अमेरिकेला गेल्या. निमित्त होतं नात्यातल्या आनंदीबाई जोशींचा फिलाडेल्फियातला पदवीदान समारंभ, तारीख ११ मार्च. जी पदवी आपल्याला हवी होती ती दुसरीच्या हातात पडताना रमाबाई सभागृहात हजर होत्या. बरोबर तीन वर्षांनी, ११ मार्च १८८९ ला, त्यांनी मुंबईत शारदा सदन उघडलं. पुढे धोंडो केशव कर्व्यांशी ज्यांचं लग्न झालं त्या गोदूबाई इथल्याच विद्यार्थिनी.

बाप्तिस्मा घेतला तेव्हा आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त नाही, असं त्यांनी नंतर स्वतःच लिहून ठेवलं आहे. तो अनुभव १८९१ च्या सुमारास आला. आणि लगेच परीक्षाही आली. पुण्यात हलवलेल्या सदनात त्या स्वतःची प्रार्थना दार उघडं ठेवून करत. मुली येऊन बसत. केसरीने झोड उठवली, १८९३ मध्ये न्या. रानडे आणि डॉ. भांडारकर यांच्यासारख्या सल्लागारांनी अंग काढून घेतलं, पालकांनी मुली परत नेल्या. दार मात्र उघडंच राहिलं.

मग १८९६-९७ चा दुष्काळ. मध्य प्रांतात बायका-मुली भुकेने मरत होत्या. रमाबाईंकडे पैसा नव्हता आणि अमेरिकेतल्या मदतीची दहा वर्षांची मुदत संपत आली होती. पण सोळाव्या वर्षी स्वतः भुकेने तडफडलेल्या बाईला हिशेब करत बसणं जमणार नव्हतं. त्यांनी सुमारे ३०० मुली आणल्या. प्लेगच्या नियमांमुळे त्यांना पुण्यात ठेवता येईना, म्हणून दौंडजवळ केडगावला घेतलेल्या जमिनीवर नेलं. म्हणजे पुण्याचं दार बंद झालं आणि त्यातून मुक्ती मिशन उभं राहिलं. १९०० च्या गुजरातच्या दुष्काळानंतर तिथली संख्या दोन हजारांच्या आसपास पोचली.

इतक्या तोंडांना रोज घालायचं काय? ब्रिस्टलमध्ये अनाथालय चालवणाऱ्या जॉर्ज मुलरसारखा त्यांचाही देवावर भरवसा होता. पण भरवसा म्हणजे हातावर हात ठेवून बसणं नव्हे. केडगावात शेती होती, विहिरी खणल्या, माग चालले, छापखाना चालला. अंध मुलींना मनोरमा ब्रेल शिकवत.

कान दिवसेंदिवस कमी होत गेले. त्यांनी मग असं काम हातात घेतलं ज्याला कान लागतच नाहीत. हिब्रू आणि ग्रीक शिकून, खेड्यातल्या बाईलाही कळेल अशा मराठीत अख्खं बायबल. वर्षानुवर्षं ते चाललं होतं.

संस्था पुढे मनोरमाने चालवायची, असं ठरल्यासारखंच होतं. २४ जुलै १९२१ ला मनोरमा गेल्या, वय अवघं ४०. आई-वडील, भाऊ, नवरा आणि आता ही. ६३ वर्षांच्या रमाबाई मुद्रितं तपासायला परत बसल्या. ५ एप्रिल १९२२ ला झोपेतच त्या गेल्या, तेव्हा भाषांतर पूर्ण झालेलं होतं.

१९२४ मध्ये ते बायबल बाहेर आलं. छापलं केडगावातच, मुक्तीतल्या बायका-मुलींच्या हातांनी.