मेस्त्रींच्या घरचा कॅमेरा

महाविद्यालयाच्या प्रवेश अर्जात वडिलांचा व्यवसाय लिहायचा होता. मी सुतारकाम न लिहिता नुसते ‘धंदा’ असे लिहिले. पुढे ग्रंथालयात कलामहर्षी बाबूराव पेंटरांविषयी वाचू लागलो आणि त्या रकान्याची लाज वाटली.

बाबूराव कृष्णराव मेस्त्री ३ जून १८९० रोजी कोल्हापुरात जन्मले. वडील हरहुन्नरी कारागीर. बाबूरावांचे शालेय शिक्षण बेताचेच. चित्रकला व शिल्पकला ते घरीच शिकले. बंधू आनंदराव यांच्याबरोबर ते नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवीत आणि या कामानेच मेस्त्रींचे पेंटर झाले.

१९१३ साली फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ आला. पडद्यावर आयुष्य घालवणाऱ्या या दोघांना हलणाऱ्या पडद्याने वेड लावले नसते तरच नवल! परदेशी कॅमेरा परवडणारा नव्हता, तेव्हा तो आपणच करायचा असे ठरले. १९१६ मध्ये आनंदराव वारले. काम अर्धवट होते. बाबूरावांनी विष्णुपंत दामल्यांच्या मदतीने ते १९१८ मध्ये पुरे केले.

कॅमेरा करणे म्हणजे नुसती पेटी ठोकणे नव्हे. हाताने दांडा फिरवला की फीत एका चौकटीपुरती सरकली पाहिजे, क्षणभर स्थिर राहिली पाहिजे आणि तेवढ्याच क्षणी झडप उघडली पाहिजे. हे सेकंदाला सोळा-एक वेळा, न चुकता. मी हे वडिलांना सांगितले. चित्रपटाचे त्यांना विशेष वाटले नाही. चाकाचे दाते एकसारखे कसे कापले असतील, याचाच विचार ते जेवण होईपर्यंत करीत होते.

गायिका तानीबाई कागलकर यांनी भांडवल पुरवले आणि महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली. ‘सैरंध्री’ ७ फेब्रुवारी १९२० रोजी पुण्याच्या आर्यन थिएटरात लागला. त्यात स्त्रियांची कामे स्त्रियांनीच केली. त्याची किंमत त्या नटींना समाजात मोजावी लागली, हेही विसरता येत नाही. बाबूराव वेशभूषा, देखावे यांची रेखाटने आधी स्वतः करीत, पोस्टरेही रंगवीत. १९२४ च्या ‘कल्याण खजिना’चे पोस्टर आजही पाहायला मिळते.

१९२५ चा ‘सावकारी पाश’ मात्र पाहता येत नाही. ती फीत उरली नाही. ना. ह. आपट्यांच्या कथेवरचा हा मूकपट. सावकाराने जमीन गिळलेला शेतकरी शहरात गिरणीकामगार होतो. ते काम तरुण शांतारामांनी केले होते. अंधारी झोपडी आणि बाहेर रडणारे कुत्रे, एवढ्यावर बाबूरावांनी एक प्रसंग उभा केला होता, असे पाहणाऱ्यांनी लिहिले आहे. देवादिकांच्या चित्रपटांची चलती असताना कर्जबाजारी कुणब्याला नायक करणे सोपे नव्हते.

१९२९ मध्ये दामले, फत्तेलाल, शांताराम, धायबर बाहेर पडले आणि ‘प्रभात’ निघाली. हाताखाली तयार झालेली माणसे एकदम गेली. बोलपट आला आणि बाबूराव मागे पडले. १९३६ मध्ये त्यांनी ‘सावकारी पाश’ बोलका करून पाहिला. पण हात पुन्हा रंगाकडे, मातीकडेच वळले. कोल्हापूरच्या शिवाजी चौकातील महाराजांचा अर्धपुतळा त्यांचाच. १६ जानेवारी १९५४ रोजी ते वारले.

त्यांच्या कामांत सर्वांत आवडते कोणते, असे आमच्या वर्गात निघाले तेव्हा मित्रांनी चित्रपटांची नावे घेतली, एकाने पोस्टराचे. मी कॅमेरा म्हणालो. ती कलाकृती नव्हे, असे सगळ्यांचे मत पडले. मला ते अजून पटलेले नाही.