वस्ताद बदलावा की थांबावं?



तालमीत जाणारी पोरं आपल्याकडे गावोगाव आहेत. पहिली एक-दोन वर्षं नवनवे डाव कळतात. मग एक दिवस गाडी अडते. मेहनत तीच, खुराक तोच, पण जोडीदार काही पडत नाही. वस्ताद हातचं राखतात असं वाटू लागतं आणि पोरगं तालीम बदलायचं मनावर घेतं. अशा वेळी ज्युदोचे जनक जिगोरो कानो यांचं चरित्र जरूर ध्यानात घ्यावं.

कानो यांचा जन्म १८६० साली जपानमध्ये कोबेजवळच्या मिकागे गावी झाला. घराणं तांदळापासून साके नावाचं मद्य बनवणाऱ्यांचं. आई लवकर वारली, मग वडिलांनी मुलांना टोकियोला नेलं. जिगोरो अभ्यासात हुशार, पण अंगानं अगदी किरकोळ. उंची जेमतेम ५ फूट २ इंच. शाळेतली दांडगी पोरं छळायची, म्हणून त्यांना जुजुत्सू ही शस्त्राविना लढण्याची जुनी विद्या शिकायची होती. पण त्या काळात जपानवर पाश्चात्त्य रीतीचा पगडा बसला होता. जुन्या विद्येला कोणी विचारत नव्हतं. पुष्कळ वस्ताद हाडं बसवण्याच्या धंद्यावर पोट भरत. अशा हाडवैद्यांकडे विचारपूस करत १८७७ साली ते फुकुदा हाचिनोसुके यांच्याकडे पोचले.

फुकुदांची रीत न्यारी होती. डाव कसा बसतो असं विचारलं की समजावून न सांगता ते शिष्याला पुन्हा पुन्हा आपटायचे. अंगाला कळलं की झालं! त्यातच फुकुशिमा नावाचा धिप्पाड गुरुबंधू कानोंना काही केल्या पडेना. दुसरा कोणी असता तर वस्तादाला दोष देऊन निघून गेला असता. कानो थांबले. त्यांनी सुमो कुस्तीचे डाव करून पाहिले, ते लागू पडले नाहीत. मग ग्रंथालयात बसून पाश्चात्त्य कुस्तीची पुस्तकं चाळली. त्यात प्रतिस्पर्ध्याला दोन्ही खांद्यांवर आडवा उचलून टाकायचा डाव सापडला. तो घोटला आणि फुकुशिमाला पाडलं. हाच डाव पुढे कातागुरुमा या नावानं ज्युदोत आला.

१८७९ साली फुकुदा वारले. मग कानो इसो यांच्याकडे गेले. १८८१ साली तेही गेले. म्हणजे पहिले दोन गुरू कानोंनी रुसून सोडले नव्हते. पुढे ते इकुबो यांच्याकडे गेले. तिथली परंपरा निराळी होती, फेकण्याचे डाव तिथे भारी. आधीचं विसरा, अशी अट त्यांनी स्वतःला घातली नाही. जुनं ठेवून त्यात नवं मिळवलं.

१८८२ साली टोकियोच्या एइशोजी मंदिरात १२ चटयांच्या जागेत कानोंनी स्वतःची कोदोकान ही संस्था काढली. पहिल्या वर्षी शिष्य अवघे ९. नवल म्हणजे इकुबो तिथे येऊन शिकवत राहिले. फेकण्याआधी समोरच्याचा तोल मोडायचा असतो, हे मर्म कानोंनी सरावातून पकडलं. मग इकुबोंना त्यांना पाडणं जमेना. इकुबो चिडले नाहीत. आपल्याकडचं शिकवून झालं हे त्यांनी कबूल केलं आणि परंपरेच्या पोथ्याही शिष्याच्या हवाली केल्या.

अडलेल्या शिष्याचं दुःख कानो विसरले नाहीत. जुन्या परंपरेत एक सनद मिळाल्यावर दुसरी मिळायला वर्षानुवर्षं जात. शिष्याला आपण कुठवर आलो तेच कळत नसे. कानोंनी १८८३ पासून दान नावाच्या पायऱ्या सुरू केल्या. त्यामुळे पुढचा टप्पा दिसू लागला आणि शिष्याला हुरूप आला. पुढे १९०९ साली ते आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचे पहिले आशियाई सदस्य झाले. १९३८ साली कैरोच्या बैठकीहून परतताना बोटीवरच त्यांचं निधन झालं. १९६४ साली टोकियोत ज्युदो ऑलिंपिकमध्ये आला.

तेव्हा आपलं पोरगं तालीम सोडतो म्हणू लागलं तर लगेच रागावू नका, अन् लगेच होही म्हणू नका. अडलंय नेमकं कुठं, ते आधी विचारा. वस्तादांकडचं सगळं घेऊन झालंय का? दुसरीकडचा एखादा डाव पाहून इथंच घोटता येईल का? एवढं करूनही जायचं ठरलं, तर वस्तादांच्या पाया पडून, सांगून जाऊ द्या. चांगला वस्ताद वाट अडवत नाही.