रंगो बापूजी : एका वकिलाची लंडनमधील चौदा वर्षे

सातारच्या गेंडामाळावर हुतात्म्यांचे स्मारक आहे. कॉलेजात नाव घातल्यावर पहिल्या वर्षी मी त्या बाजूने कितीतरी वेळा गेलो, पण आत जाऊन पाहिले ते यंदाच. दि. ८ सप्टेंबर १८५७ रोजी या माळावर एकाच दिवशी सतरा जणांना देहदंड झाला. पाच जणांना फाशी दिले, सहा जणांना तोफेच्या तोंडी दिले आणि सहा जणांना गोळ्या घातल्या. फाशी गेलेल्यांत सीताराम रंगो गुप्ते हे एक नाव आहे. ज्यांचा तो मुलगा, त्या रंगो बापूजींना सरकार जंग जंग पछाडून शोधत होते आणि ते मात्र सापडत नव्हते.

या लेखाचे मूळ इंग्रजीच्या तासात आहे. सरांनी व्हिक्टोरियन कालखंड शिकवताना डिकन्सच्या कादंबऱ्या, नवी आगगाडी, गिरण्या आणि लंडनचे धुके यांचे असे वर्णन केले की ते शहर डोळ्यांसमोर उभे राहिले. मला मात्र राहून राहून वाटत होते, या सगळ्याशी आपला काय संबंध? आपण कृष्णाकाठची माणसे. पुढे ग्रंथालयात वाचता वाचता समजले की त्याच धुक्यात आपल्या सातारचा एक मनुष्य १८४० पासून १८५३ पर्यंत हातात अर्ज घेऊन फिरत होता. मग मात्र तो कालखंड परका वाटेना.

रंगो बापूजी गुप्ते हे छत्रपती प्रतापसिंह महाराजांच्या विश्वासातले. पेशवाई बुडाली तेव्हा, १८१८ मध्ये, इंग्रजांनी प्रतापसिंहांना सातारच्या गादीवर बसवले आणि १८१९ च्या तहाने त्यांना राज्य दिले. राज्य कसले, कंपनीच्या छत्राखालचा मुलूख! पण महाराज कर्तबगार निघाले. त्यांनी शहराला पाणी आणले, रस्ते केले, वाडा बांधला, विद्येला उत्तेजन दिले. प्रथम रेसिडेंट असलेला ग्रँट डफ त्यांचा स्नेही होता. मराठ्यांचा इतिहास लिहिला तो हाच. पुढे मात्र तहाच्या कलमांवरून, विशेषतः जहागीरदारांवरच्या हक्कावरून, मुंबई सरकारशी बिनसले. महाराजांवर तीन आरोप आले : गोव्याच्या पोर्तुगीजांशी संधान, नागपूरच्या पदच्युत आप्पासाहेब भोसल्यांशी पत्रव्यवहार आणि कंपनीच्या पलटणीतील देशी शिपायांना फितवणे. या प्रकरणात बाळाजीपंत नातूंचे नाव ठळकपणे येते. सातारकरांना ते अजून विसरता आलेले नाही.

१८३९ च्या ऑगस्टमध्ये मुंबईचा गव्हर्नर सर जेम्स कारनॅक स्वतः साताऱ्यास आला. आरोप कबूल असल्याचे लिहून द्या, मग झाले गेले विसरू, असा त्याच्या बोलण्याचा मतलब होता. एक सही केली असती तर गादी राहिली असती. महाराजांनी सही केली नाही. मला या साऱ्या चरित्रातला हाच क्षण सर्वांत मोठा वाटतो, आणि तो रंगो बापूजींचा नसून त्यांच्या धन्याचा आहे. सप्टेंबरच्या आरंभी महाराजांना पदच्युत करून धाकटे बंधू आप्पासाहेब यांना शहाजी महाराज म्हणून गादीवर बसवले गेले. प्रतापसिंहांची रवानगी काशीस झाली. त्या प्रवासात त्यांचे आप्त बाळासाहेब सेनापती वाटेतच वारले.

आता रंगो बापूजींचे काम सुरू झाले. मुंबईत न्याय मिळत नाही तर विलायतेत मिळेल, असा महाराजांचा विश्वास होता. त्या काळी विलायतेस जायचे म्हणजे सुएझपर्यंत बोटीने, तेथून वाळवंट ओलांडून भूमध्य समुद्राला लागायचे आणि पुन्हा बोट धरायची. शिवाय समुद्रपर्यटनाने जात जाण्याचे भय. १८४० मध्ये ते लंडनला पोचले. लेडनहॉल रस्त्यावर कंपनीचे मोठे कार्यालय होते. तेथे डायरेक्टरांची सभा, भागीदारांची सभा, आणि वर सरकारचे बोर्ड ऑफ कंट्रोल. अर्ज एका दारातून दुसऱ्या दारात जायचा आणि परत यायचा. रंगो बापूजींची मागणी तरी काय होती? राज्य परत द्या ही पुढची गोष्ट. आधी उघड चौकशी करा, आमच्या राजाला आपली बाजू मांडू द्या, एवढीच. ती चौकशी कधीच झाली नाही.

इंग्रज सारे सारखेच नव्हते, हेही लिहिले पाहिजे. गुलामगिरीविरुद्ध लढलेला वक्ता जॉर्ज थॉम्प्सन, पार्लमेंटातला जोसेफ ह्यूम, एवढेच काय, सातारला पूर्वी रेसिडेंट असलेले ब्रिग्ज व लॉडविक हे सेनाधिकारीदेखील महाराजांच्या बाजूने बोलले. भागीदारांच्या सभेत साताऱ्यावर खडाजंगी झाली. पत्रके छापली गेली. त्यांवर रंगो बापूजींचे नाव इंग्रजी वळणाने वेडेवाकडे छापलेले असे. मते मोजली की मात्र पराभव ठरलेला.

येथे जरा घरचे सांगतो. आमच्या आण्णांना लिहिता-वाचता येत नाही. बांधाच्या एका तंट्यासाठी ते कित्येक वर्षे पिशवीत कागद घालून कचेरीत जात. साहेब नाहीत, उद्या या, हा कागद नाही, तो आणा. घरी आल्यावर ते कागद पुन्हा नीट घडी करून ट्रंकेत ठेवीत, त्यांना धूळ लागू देत नसत. मी कॉलेजात जावे असे त्यांना का वाटले, हे मला तेव्हा कळले नव्हते. रंगो बापूजींच्या चौदा वर्षांचा हिशेब वाचताना मला ती पिशवी आठवली.

इकडे काळ थांबला नव्हता. १८४३ मध्ये आमच्या सांगलीत चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धनांच्या आश्रयाने विष्णुदास भाव्यांनी सीतास्वयंवराचा खेळ केला आणि मराठी नाटकाचा जन्म झाला. १८४६ मध्ये कंपनीने त्याच चिंतामणरावांना एकनिष्ठेबद्दल तलवार नजर केली. सांगलीकर म्हणून आम्हांला पहिल्या गोष्टीचा अभिमान आहे. दुसरी सहसा कोणी सांगत नाही. पण सांगलीचे संस्थान राहिले आणि सातारचे गेले, हा फरक ध्यानात घेण्यासारखा आहे.

१४ ऑक्टोबर १८४७ रोजी प्रतापसिंह महाराज काशीस निवर्तले. ज्याच्यासाठी वकिली, तोच गेला. रंगो बापूजी परतले नाहीत. ५ एप्रिल १८४८ रोजी शहाजी महाराजही वारले. त्यांनी मरणापूर्वी घेतलेले दत्तक डलहौसीने नाकारले आणि सातारा खालसा झाले. दत्तक नामंजूर करून गिळलेल्या संस्थानांत सातारा पहिले. झाशी आणि नागपूर मागून गेली. आता लंडनमधील वकिलापाशी ना राजा राहिला, ना राज्य. तरी ते आणखी पाच वर्षे तेथे होते. १८५१ मध्ये हाइड पार्कमध्ये काचेच्या महालात जगाचे प्रदर्शन भरले आणि लोकांनी रांगा लावून पंजाबातून नेलेला कोहिनूर पाहिला. १८५२-५३ मध्ये डिकन्सची 'ब्लीक हाउस' भागाभागाने प्रसिद्ध होत होती. पिढ्यान्‌पिढ्या चालणाऱ्या आणि शेवटी खर्चातच संपणाऱ्या एका दाव्याची ती कादंबरी. सबंध लंडन ती वाचत असताना तसाच एक दावा जगणारा मराठी माणूस त्याच शहरात होता!

१८५३ मध्ये कंपनीच्या सनदेचा प्रश्न पार्लमेंटापुढे आला. साताऱ्याचे काही झाले नाही. वर्षअखेरीस कर्जात बुडालेले रंगो बापूजी परत निघाले. कंपनीने त्यांना अडीच हजार पौंड आणि बोटीचे भाडे दिले. ज्यांच्याविरुद्ध भांडलो त्यांच्याच पैशाने घरी यायचे, हे त्यांना कसे वाटले असेल? निघण्याच्या सुमारास नानासाहेब पेशव्यांचा वकील अजीमुल्लाखान लंडनमध्ये होता. दोघांची भेट झाली असे इतिहासकार सांगतात. एकाचा अर्ज सातारच्या गादीचा, दुसऱ्याचा पेशव्यांच्या तनख्याचा, आणि दोघेही रिकाम्या हाताने परतलेले.

पुढचे थोडक्यात सांगता येते. १८५७ मध्ये उत्तरेत वणवा पेटला तेव्हा सातारा-कोल्हापूर भागात माणसे जमवण्याचे आणि शिपायांना वळवण्याचे काम गुप्तपणे चालू होते. सातारची छावणी आणि खजिना घ्यावा, तुरुंग फोडावा, असा बेत होता. तो फुटला. धरपकड झाली, प्रतापसिंहांच्या राण्यांना साताऱ्यातून हलवण्यात आले आणि गेंडामाळावर ते सतरा जण गेले.

मला कधीतरी ऐतिहासिक कादंबरी लिहायची आहे, म्हणून या चरित्रातील मोकळ्या जागा मोहात पाडतात. खरे तर हा विषय आपल्या कादंबरीकारांच्या समोरच होता. रंगो बापूजी लंडनला पोचले त्याच १८४० मध्ये मेडोज टेलरची टिपू सुलतानावरील इंग्रजी कादंबरी तेथे निघाली. पुढे हरिभाऊ आपट्यांनी तिच्या आधारे 'म्हैसूरचा वाघ' लिहिली. गुंजीकरांची 'मोचनगड' १८७१ ची, म्हणजे गेंडामाळानंतर अवघ्या चौदा वर्षांनी. पण ती गेली शिवकाळात. जवळची जखम ताजी असताना लिहिणे राज्यकर्त्यांच्या डोळ्यांदेखत शक्य नसावे, असे मला वाटते. रंगो बापूजींचे सविस्तर मराठी चरित्र प्रबोधनकार ठाकऱ्यांनी लिहिले, ते १९४८ मध्ये, इंग्रज गेल्यावर.

शोधणाऱ्यांना रंगो बापूजी अखेरपर्यंत मिळाले नाहीत. त्यांचा माग ठाण्यापर्यंत लागतो असे सांगतात. काही म्हणतात वेषांतर करून निसटले. मुलाच्या फाशीची बातमी त्यांना कोठे कळली, कळली की नाही, याचा कागद नाही. ज्याने आयुष्यभर कागद जपले त्याच्या मृत्यूचा एकही कागद नाही. ठाण्यात त्यांच्या नावाचा चौक आहे.