भाषावेडे विनोबा

विनोबा भावे म्हटलं की आपल्याला काय आठवतं? भूदान आणि पदयात्रा! परीक्षेपुरतं आपण तेवढंच पाठ केलेलं असतं. पण नागपूरहून दीड-दोन तासांवर असलेल्या पवनारला राहिलेला हा माणूस जबरदस्त भाषावेडा होता, हे आपल्यातल्या किती जणांना माहीत आहे?

विनायक नरहरी भावे यांचा जन्म ११ सप्टेंबर १८९५ चा, कोकणातल्या गागोदे गावचा. आईचं माहेर कर्नाटकातलं, वडिलांची नोकरी बडोद्याला. म्हणजे घरात मराठी, आईकडून कानडी आणि घराबाहेर गुजराती. आपल्या नागपुरात घरी मराठी, पानठेल्यावर हिंदी आणि कॉलेजात इंग्रजी चालतं, तसंच काहीसं. गणित हा त्यांचा लाडका विषय (हे वाचून आपल्याला बरं वाटायला हरकत नाही!). हायस्कूलमध्ये दुसरी भाषा निवडायची वेळ आली तेव्हा वडिलांना फ्रेंच हवी होती आणि आईला संस्कृत. विन्याने फ्रेंच घेतली. पुढे करिअरचा विचारच सुटला. सर्टिफिकेटं त्यांनी चुलीत घातली, १९१६ साली इंटरच्या परीक्षेला मुंबईला निघाले ते सुरतेला उतरून काशीला गेले, आणि त्याच वर्षी गांधीजींच्या आश्रमात पोचले. मग सुट्टी घेऊन वाईला जाऊन संस्कृतचा पक्का अभ्यास केला.

आईला गीता ऐकायची होती, पण संस्कृत कळत नव्हतं. मराठीतलं जे पद्य भाषांतर मिळालं तेही तिला जड गेलं. मग तूच का लिहीत नाहीस, असं तिने मुलाला सुचवलं. १९१८ साली आई गेली. विनोबांनी ‘गीताई’ लिहून पूर्ण केली ती १९३१ मध्ये. जिच्यासाठी लिहिली तिने ती वाचलीच नाही, पण महाराष्ट्रातल्या असंख्य घरांतल्या आयांनी वाचली.

१९२१ साली ते वर्ध्याला आले आणि आपल्या विदर्भाचेच झाले. १९२३ च्या झेंडा सत्याग्रहात नागपूरच्या तुरुंगातही राहिले. तुरुंग म्हणजे त्यांच्यासाठी जणू कॉलेजच! १९४२ नंतर त्यांना पार वेल्लोरला ठेवलं, तर तिथे त्यांनी तमिळ, तेलुगू, कन्नड आणि मल्याळम या चारही भाषा एकदमच शिकायला घेतल्या. चार भाषा आणि चार लिप्या! एकीची दुसरीशी तुलना करत शिकायचं, ही त्यांची पद्धत. आपण एका सेमिस्टरला पाच विषय आले तर रडतो.

कुराण भाषांतरात वाचून भागलं असतं, पण ते मुळातून समजावं म्हणून त्यांनी अरबीचा अभ्यास केला आणि पुढे निवडक वचनांचं ‘कुरआन-सार’ काढलं. आसामात गेले तेव्हा माधवदेवांच्या ‘नामघोषा’तून त्यांनी असमियात सार काढलं. १९५१ साली तेलंगणातल्या पोचमपल्लीपासून भूदान सुरू झालं, त्यानंतर वर्षानुवर्षं ते गावोगाव पायी फिरले. ज्यांच्या दारात जायचं, त्यांचे संत आणि त्यांचे शब्द ओळखीचे असले की माणूस पाहुणा राहत नाही.

सगळ्या भारतीय भाषा आपापल्या लिपीबरोबर नागरीतही लिहाव्यात, म्हणजे शेजाऱ्यांना शिकायला सोपं जाईल, असं त्यांचं मत होतं. यावर वाद होऊ शकतो. ज्यांची लिपी वेगळी, त्यांना हे तितकंसं पटणारही नाही. पण त्यामागची तळमळ कुणालाही कळेल.

१५ नोव्हेंबर १९८२ रोजी विनोबा पवनारलाच गेले. १९८३ मध्ये त्यांना मरणोत्तर भारतरत्न मिळालं.

आपल्यातले बरेच जण कॉन्व्हेंटचे. इंग्रजी येतं म्हणून मराठी कच्ची असली तरी चालते असं आपण समजतो, आणि मराठी मीडियमवाला मित्र इंग्रजीला घाबरून व्हायव्हात गप्प बसतो. दोघांचाही तोटाच आहे. विनोबांची एक भाषा दुसरीच्या आड कधी आली नाही, कारण प्रत्येक भाषेच्या पलीकडे त्यांना कुणीतरी माणूस दिसत होता. कधी ती आई होती, कधी शेजारी, तर कधी जमीन नसलेला शेतमजूर. होस्टेलमध्ये आपल्या शेजारच्या रूममध्ये आंध्रचा, बिहारचा, केरळचा कुणीतरी आहेच. आज मेसमध्ये त्याला एवढंच विचारा, की तुझ्या घरी वरणाला काय म्हणतात?