पदवी नाही, नोकरीही गेली, सुगरणीने तारलं! पक्षीमित्र डॉ. सलीम अलींच्या आयुष्याची गोष्ट

शेगाव : कापसाची वेचणी सुरू झाली, हरभरा वर आला की आपल्या भागात नवे पाहुणे दिसायला लागतात. शेपटी वरखाली करत ओल्या वावरात फिरणारा धोबी, धरणाच्या पाण्यावर उतरणारी बदकं, ज्वारीवर थव्याने येणाऱ्या भोरड्या. याच दिवसांत, 5 ते 12 नोव्हेंबर या काळात, राज्यात पक्षी सप्ताह पाळला जातो. कुठे शाळेत व्याख्यान होते, कुठे पहाटे दुर्बीण गळ्यात अडकवून पोरं तळ्यावर जातात. सप्ताहाची सुरुवात होते ती अरण्यऋषी मारुती चितमपल्ली यांच्या जन्मदिनी आणि शेवट होतो तो डॉ. सलीम अली यांच्या जन्मदिनी.

सलीम अलींचे नाव पुस्तकात सगळ्यांनी वाचलेले असते. पण हा माणूस नेमका कोण होता, कसा घडला, हे फार जणांना माहीत नसते. म्हणून ही गोष्ट.

आई-बाप गेले, मामाने वाढवले

सलीम मोइजुद्दीन अब्दुल अली यांचा जन्म 12 नोव्हेंबर 1896 रोजी मुंबईत झाला. भावंडांत ते सगळ्यात लहान. एक वर्षाचे असताना वडील गेले, तीन वर्षांचे असताना आई गेली. मामा अमिरुद्दीन तय्यबजी आणि मामी हमीदा बेगम यांना मूलबाळ नव्हते. खेतवाडीतल्या आपल्या घरी त्यांनी या पोरक्या लेकरांना पोटच्या पोरांसारखे वाढवले.

मामा शिकारीचे शौकीन होते. त्या काळी शिकार म्हणजे मर्दुमकी समजली जायची आणि लहानग्या सलीमलाही मोठेपणी मोठा शिकारी व्हायचे होते. हातात छऱ्याची बंदूक आली आणि चिमण्यांवर नेम धरणे सुरू झाले. मारलेली चिमणी घरी शिजवून खायची, असा रिवाज.

पोरगा दहा-बारा वर्षांचा असेल. एक दिवस त्याने पाडलेली चिमणी काही वेगळीच निघाली. गळ्यावर हळदीचं बोट लावल्यासारखा पिवळा ठिपका. ही नेहमीची चिमणी नाही, मग ती खाल्लेली चालते की नाही, असा प्रश्न पडला. तो पक्षी घेऊन मामाकडे गेला. मामालाही ओळखता आले नाही. ते बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे सभासद होते. त्यांनी चिठ्ठी देऊन पोराला सोसायटीचे सचिव मिलार्ड साहेबांकडे पाठवले.

घाबरत घाबरत पोरगा साहेबासमोर उभा राहिला. मिलार्ड यांनी पक्षी पाहताक्षणी ओळखला. ती पीतकंठी चिमणी, म्हणजे रानचिमणी होती. साहेब तेवढ्यावर थांबले नाहीत. त्यांनी एकेक कप्पा उघडून पेंढा भरून ठेवलेले शेकडो पक्षी पोराला दाखवले. आपल्या देशात इतक्या जातींचे पक्षी आहेत, हे त्या दिवशी त्याला पहिल्यांदा कळले. पुढे पक्षी कसा ओळखायचा, त्याचे कातडे कसे टिकवायचे, नोंद कशी ठेवायची, हे सगळे त्याला तिथेच शिकवले गेले. सलीम अलींनी 1985 मध्ये आत्मचरित्र लिहिले, त्याचे नावसुद्धा त्या पडलेल्या चिमणीवरूनच ठेवले.

ही रानचिमणी आपल्याकडेही आहे बरं का. धुऱ्यावरच्या जुन्या झाडांच्या ढोलीत घरटे करते. नीट बघितले तर गळ्याचा पिवळा ठिपका दिसतो.

शिक्षणात मन नाही, धंद्यात बस्तान नाही

अभ्यासात सलीम काही हुशार नव्हते. डोकेदुखीने शाळा बुडायची. 1913 मध्ये कसेबसे मॅट्रिक पास झाले. कॉलेजात गेले, पण गणिताने घाम फोडला आणि कॉलेज अर्धवट सुटले. घरच्यांनी त्यांना बर्मात, म्हणजे आजच्या म्यानमारमध्ये, तवाय इथे भावाच्या मदतीला पाठवले. तिथे घरच्यांचा खाणीचा आणि लाकडाचा धंदा होता. पण आजूबाजूला घनदाट जंगल! सलीम यांचे लक्ष हिशोबाच्या वहीपेक्षा झाडावरच जास्त असायचे.

1917 मध्ये ते मुंबईला आले. व्यापाराचा अभ्यास करता करता सकाळी सेंट झेवियर्स कॉलेजात प्राणिशास्त्राचे वर्ग केले. 1918 च्या डिसेंबरात तेहमिना बेगम यांच्याशी लग्न झाले. दोघे पुन्हा बर्मात गेले, पण धंदा बसला तो बसलाच.

परत आल्यावर नोकरीची शोधाशोध सुरू झाली. सरकारच्या प्राणिशास्त्र सर्वेक्षण खात्यात पक्षीशास्त्रज्ञाची जागा होती. ती मिळाली नाही, कारण हातात विद्यापीठाची पदवी नव्हती. शेवटी 1926 मध्ये मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये महिना 350 रुपयांवर काम मिळाले. काम काय, तर येणाऱ्या लोकांना, शाळेच्या पोरांना प्राणी-पक्ष्यांची माहिती सांगायची. आज पक्षी सप्ताहात गावोगाव जे व्याख्यान होते, तेच काम समजा.

दोन वर्षांनी रजा काढून ते जर्मनीत बर्लिनला गेले. तिथे प्राध्यापक स्ट्रेसमान यांच्या हाताखाली शास्त्रशुद्ध अभ्यास केला. मोठ्या उमेदीने 1930 मध्ये परत आले, तर म्युझियमने पैसे नाहीत म्हणून ती जागाच रद्द केलेली! वय चौतिशीकडे आलेले, घरसंसार झालेला आणि हाताला काम नाही.

किहीमचा पावसाळा

मुंबईत राहणे परवडेना. तेहमिनाबाईंच्या माहेरच्यांचे अलिबागजवळ किहीमला समुद्रकाठी घर होते. नवराबायको तिथे जाऊन राहिले. घराजवळच झाडांवर सुगरणींची वसाहत होती. पावसाळा तोंडावर होता, घरटी विणायची लगबग चाललेली. दुसरे काम नव्हतेच. सलीम अली आडोशाला बसून रोज तासन् तास नुसते बघत राहिले आणि पाहिलेले लिहून ठेवत गेले.

त्यातून जे उमगले ते मजेशीर आहे. आपण तिला सुगरण म्हणतो, बहिणाबाईंच्या खोप्याच्या कवितेतही घर बांधते ती सुगरणच. प्रत्यक्षात विणकाम करतो तो नर. तो अर्धे घरटे विणून ठेवतो. मग माद्या येतात, लोंबत्या घरट्यात शिरून पाहणी करतात. पसंत पडले तर मादी तिथे राहते आणि नर उरलेले विणकाम पुरे करतो. नाही पसंत पडले तर मेहनत वाया. आणि मादीने अंडी दिली की हा गडी निघाला दुसरे घरटे विणायला, दुसरी मादी बोलवायला! अंडी उबवणे मादीकडेच, पिलांचा बहुतेक सगळा भारही तिच्याच अंगावर.

हा अभ्यास 1931 मध्ये सोसायटीच्या नियतकालिकात छापून आला आणि सलीम अलींचे नाव परदेशातही झाले. नोकरी गेली नसती तर ते त्या पावसाळ्यात म्युझियममध्येच बसलेले असते. सुगरण तर आपल्या नाल्याकाठच्या बाभळीवर आणि विहिरीवर पण आहे. ती बघायला पैसे लागत नाहीत, वेळ आणि चिकाटी लागते.

संस्थानांचा मुलूख आणि तेहमिनाबाई

त्यानंतर सलीम अलींनी एक शक्कल काढली. संस्थानांना सांगितले की पगार नको, फक्त प्रवासाचा आणि मुक्कामाचा खर्च द्या, तुमच्या राज्यातले पक्षी मी नोंदवून देतो. पहिले मोठे काम मिळाले ते निजामाच्या हैदराबाद संस्थानाचे, 1931-32 मध्ये. आजचा मराठवाडा तेव्हा त्याच राज्यात होता. नंतर कोचीन, त्रावणकोर, ग्वाल्हेर, इंदूर, भोपाळ अशी संस्थाने त्यांनी पालथी घातली.

या सगळ्या भटकंतीत तेहमिनाबाई सोबत होत्या. सुखवस्तू घरातली बाई, पण तंबूत राहिली, रानात फिरली. 1939 मध्ये एका साध्या शस्त्रक्रियेनंतर रक्तात विष भिनून त्या गेल्या. सलीम अली खचले. मूलबाळ नव्हते. बहीण कामू आणि मेहुणे हसन अली यांनी त्यांना आपल्या घरी नेले आणि त्या घरच्यांच्या आधाराने ते पुन्हा कामाला लागले.

1941 मध्ये त्यांचे भारतीय पक्ष्यांवरचे सचित्र पुस्तक आले. चित्र बघून सामान्य माणसाला पक्षी ओळखता यावा, असे ते पुस्तक. जवाहरलाल नेहरूंनी तुरुंगात असताना ते आपल्या लेकीला, इंदिराजींना पाठवले होते. पुढे दोघेही पंतप्रधान झाले आणि ती ओळख पक्ष्यांच्या कामी आली. 1968 ते 1974 या काळात अमेरिकेच्या सिडनी डिलन रिप्ली यांच्यासोबत लिहिलेला दहा खंडांचा मोठा ग्रंथ निघाला. शेवटचा खंड आला तेव्हा सलीम अली पंचाहत्तरीच्या पुढे होते.

गडी मोटारसायकलचाही भारी शौकीन! 1950 मध्ये स्वीडनला पक्षीशास्त्राच्या परिषदेला गेले, तर सोबत आपली मोटारसायकल बोटीने नेली आणि युरोपभर फिरवली. तेव्हा वय 53.

भरतपूर : बरोबर आणि चूक

राजस्थानातले भरतपूरचे पाणथळ हे राजेलोकांचे बदक मारायचे ठिकाण. स्वातंत्र्यानंतर तिथले पाणी काढून शेती करावी, अशी मागणी झाली. सलीम अलींनी नेहरूंपर्यंत जाऊन ते वाचवले. केरळमधले सायलेंट व्हॅलीचे जंगल धरणाखाली जाणार होते, तिथेही त्यांनी शब्द टाकला आणि 1984 मध्ये ते राष्ट्रीय उद्यान झाले.

पण भरतपूरची दुसरी बाजूही सांगायला हवी, कारण ती ढोरं पाळणाऱ्या माणसांची आहे. तिथे 1982 मध्ये गुरं चारायला बंदी झाली. सलीम अलींचे मतही बंदीच्याच बाजूने होते. पिढ्यान् पिढ्या म्हशी चारणारे गावकरी चिडले, पोलिसांनी गोळीबार केला आणि काही गावकऱ्यांचा जीव गेला. पुढे सलीम अलींच्याच सोसायटीने तिथे कित्येक वर्षे अभ्यास केला. निष्कर्ष उलटा निघाला. म्हशी पाण्यातले गवत खाऊन पाणी मोकळे ठेवत होत्या. म्हशी बंद झाल्या, गवत माजले, पाणी झाकले गेले आणि पक्ष्यांनाच जागा उरली नाही.

हा निष्कर्ष पुढे आला तेव्हा सलीम अली हयात नव्हते. पण ज्या पद्धतीने त्यांची चूक सापडली ती त्यांनीच शिकवलेली. वर्षानुवर्षे बघा, मोजा, लिहा. मोठ्या माणसाचे मतसुद्धा नोंदीपुढे टिकले नाही.

गिधाडांचेही तसेच. पूर्वी गावाबाहेर मेलेले ढोर टाकले की गिधाडं उतरायची. आता दिसत नाहीत. ती कमी झाली हे आधी कळले ते भरतपूरलाच, कारण 1980 च्या दशकात तिथे गिधाडांची मोजणी झाली होती आणि दहा-बारा वर्षांनी पुन्हा मोजताना फरक दिसला. मग शोध लागला की गुरांना दिलेले डायक्लोफिनॅक हे औषध मेलेल्या जनावरातून गिधाडांच्या पोटात जाते आणि ती मरतात. 2006 मध्ये सरकारने गुरांसाठी त्यावर बंदी घातली. जुनी नोंद नसती तर किती उशीर झाला असता, विचार करा.

शेवटपर्यंत पक्षीच

पद्मभूषण 1958 मध्ये आणि पद्मविभूषण 1976 मध्ये मिळाले. ज्यांच्याकडे पदवी नव्हती त्यांना विद्यापीठांनी मानद डॉक्टरेट दिली. आंतरराष्ट्रीय गेटी पुरस्काराची रक्कम त्यांनी निसर्ग रक्षणाच्या निधीसाठी दिली. 1985 मध्ये राज्यसभेवर नेमणूक झाली. कर्करोगाने 20 जून 1987 रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. वय 90. छत्रपती संभाजीनगरचे सलीम अली सरोवर, गोव्यातले चोडणचे पक्षी अभयारण्य, कोइमतूरची संशोधन संस्था त्यांच्या नावाने आहे.

एक पक्षी मात्र त्यांच्या हयातीत कुणालाच सापडला नाही, तो म्हणजे रानपिंगळा. 1884 नंतर त्याची खात्रीची नोंद नव्हती, संपला असेच मानत होते. 1997 मध्ये तो नंदुरबार जिल्ह्यात शहाद्याजवळ पुन्हा दिसला. नंतर मेळघाटातही सापडला. आकाश स्वच्छ असले की उत्तरेला जो सातपुडा दिसतो ना, त्याच डोंगररांगेत!

आपण काय करायचं?

सलीम अलींकडे एक दुर्बीण आणि वही होती. आज आपल्या खिशात मोबाइल आहे. ईबर्ड आणि मर्लिन ही ॲप फुकट आहेत. फोटोवरून, आवाजावरून पक्ष्याचे नाव कळते आणि नोंदही करता येते. पहाटे उजाडता उजाडता निघा, भडक कपडे नको, गाडीचा हॉर्न नको, घरट्याला हात नको. लोणार, ज्ञानगंगा, अंबाबरवा आहेतच. पण गावचा नाला, पाझर तलाव, तुरीचे वावर इथूनही सुरुवात होते.

आणि हे शेतकऱ्याच्याच कामाचे आहे. सुगरण आणि चिमणी दाणे खातात हे खरे, पण पिलांना भरवायला त्या अळ्या-किडेच वेचतात. ज्या घुबडाला आणि पिंगळ्याला आपण अशुभ म्हणून दगड मारतो, ते रात्रभर वावरातले उंदीर टिपतात. भोरडी ज्वारीवर बसते, तीच टोळही खाते. आपल्या शिवारात या हिवाळ्यात कोण आले, किती आले, कोण आले नाही, एवढे जरी एखाद्या पोराने वहीत लिहून ठेवले, तरी दहा वर्षांनी ती वही गावाच्या उपयोगी पडेल.